थेंब पडतो तिथे भोक नसतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या मागच्या रविवारच्या पुरवणीत ‘पावसाळ्यात वाहनाची काळजी’ म्हणून पानभर मजकूर आला आहे. तो मी रत्नागिरीत, मिरजोळ्याच्या एमआयडीसीत, गाडी खाली व्हायची वाट बघत केबिनमध्ये बसून वाचला. वायपरचं रबर, टायरची नक्षी, बॅटरीचे टर्मिनल, धुक्यातले दिवे, सगळं बरोबर लिहिलंय. पण ते मोटारवाल्यांसाठी. ट्रकचा फोटो पानावर एकच आणि तोही पलटी झालेल्या ट्रकचा. खालच्या चौकटीत मात्र आमच्या कामाची बातमी होती, की १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या सगळ्या मालगाड्यांच्या केबिनला एसी सक्तीचा झालाय. वाचून बरं वाटलं. मग ते पान मी केबिनच्या तळावर, पायाशी अंथरलं. रागानं नव्हे. त्याचं कारण ओघात येईलच.

मी मलकापूरचा, म्हणजे शाहूवाडी तालुक्यातल्या. (कऱ्हाडजवळचं नव्हे आणि बुलढाण्याकडचं तर नव्हेच.) १९८७ साली क्लीनर म्हणून गाडीवर चढलो आणि २००५ साली स्वतःची सहाचाकी घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार कंपनीविषयी नाही आणि चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, आजही खणखणीत आहे. कोल्हापूर-रत्नागिरी ही माझी लाइन, साधारण १३० किलोमीटर. जाताना साखर नाहीतर पशुखाद्य, येताना मिळेल ते. मध्ये आंबा घाट. रत्नागिरीकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, सोलापूरकडे ५००-६००. पण गाडीची केबिन बांधताना ती कुठे फिरणार हे कोणी विचारत नाही.

आता ही केबिन कशी असते ते सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्या काळी आमच्यासारखे लोक पूर्ण केबिनची गाडी घेत नसत. कंपनीतून चेसिस यायची, तिला पुढचं तोंड तेवढं असायचं. काच, डॅशबोर्ड, दिवे, स्टिअरिंग. छप्पर नाही, दारं नाहीत, पाठ नाही, सीटच्या जागी फळी ठोकलेली. तोंडाला टॉवेल गुंडाळून मी ती पुण्याहून कोल्हापूरला आणली, तेव्हा किणी टोलनाक्यावरचा पोरगा मला बघून हसला होता. मग बॉडीवाल्यानं लाकडी चौकट उभी केली, तिच्यावर पत्रा मारला, दारं बसवली, मागं झोपायचं बाकडं केलं आणि छपरावर दोर-ताडपत्री ठेवायला टप बसवला. म्हणजे बघा, कंपनीचं तोंड आणि बॉडीवाल्याची पाठ. ही दोन्ही जिथे भेटतात तिथे वरपासून खालपर्यंत एक शिवण असते. लोखंड एका तऱ्हेनं हलतं, लाकूड दुसऱ्या. दहा टन माल घेऊन वीस वर्षं खड्ड्यांतून गेल्यावर त्या शिवणीतलं भरण सुकून चिरतं. माणसाच्या टाचेला भेगा पडतात तशी.

पहिली आठ-दहा वर्षं काही झालं नाही. मग पावसाळ्यात क्लीनरच्या बाजूला एखादा थेंब. आपण काय करतो? पायपुसणं टाकतो. पुढच्या वर्षी आरसी, परमिट, विमा, पीयूसी सगळं प्लास्टिकच्या पिशवीत. त्याच्या पुढच्या वर्षी बाकड्यावरची गादी ओली, तिला बुरशी, आणि घोंगड्याला असा वास की ढाब्यावर शेजारी कोणी बसेना. ट्रकवाल्याला हे सगळं सवयीचं होतं. मालक असो नाहीतर पगारी चालक, केबिनमधलं पाणी ही तक्रार नसतेच, तो ऋतू असतो. मालावर दोन-दोन ताडपत्र्या असतात, कारण एक पोतं भिजलं तर भाड्यातून कापतात. चालक भिजला तर कुणाचंच काही कापलं जात नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत मात्र निराळं झालं. साखरेची २०० पोती भरलेली, पन्नास किलोची. बरोबर माझा पुतण्या. रात्री साडेदहाला आंबा गाव सोडलं आणि खाली साखरप्याकडे उतरायला लागलो. पाऊस असा, की दिव्याचा उजेड बोनेटच्या पुढे जात नव्हता. चौथ्या-पाचव्या वळणावर पुतण्या म्हणाला, “काका, धार लागली.” डॅशबोर्डच्या खालून, डाव्या कोपऱ्यातून, करंगळीएवढी धार. त्याच कोपऱ्यात फ्यूजबॉक्स. मी म्हटलं फडकं लाव. त्यानं फडकं लावेपर्यंत आधी डावा इंडिकेटर आपोआप चालू झाला, मग डॅशवरचे दिवे गेले, आणि मग दोन्ही वायपर काचेच्या मधोमध उभे राहिले.

ज्यांनी घाटात भरलेली गाडी चालवली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. काचेवर नुसतं पाणी. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून, दुसऱ्या गिअरमध्ये, डोंगराच्या कडेची गटाराची भिंत बघत शंभरेक मीटर उतरलो आणि जरा रुंद जागा आली तिथे गाडी दाबून लावली. पुतण्यानं चाकांना दगड लावले, मागं लांबपर्यंत झाडाच्या फांद्या टाकल्या. पार्किंगचे दिवे त्याच फ्यूजबॉक्सवर, तेही गेलेले. रात्रभर एक टॉर्च घेऊन आळीपाळीनं मागच्या फाळक्याजवळ उभे राहिलो. साखर कोरडी होती. ताडपत्रीतून एक थेंब आत गेला नव्हता.

सकाळी खाली उतरून एका गॅरेजात गेलो. गाव आणि गॅरेज सांगत नाही. त्यानं फ्यूज बदलले, डबी फुंकून सुकवली आणि धार जिथून येत होती तिथे सिलिकॉनची अख्खी नळी रिकामी केली. चारशे रुपये. “आता आयुष्यभर बघायचं काम नाही.” दोन खेपा खरंच आलं नाही. तिसऱ्या खेपेला पाणी एक वीत अलीकडे आलं. पुन्हा गेलो, पुन्हा नळी. मग ते दाराच्या खांबातून उतरायला लागलं. असं करत त्या पावसाळ्यात माझ्या केबिनला आतून बाहेरून पाच नळ्या सिलिकॉन लागलं. ती जागा वाडग्यातून पिठलं सांडल्यासारखी दिसायला लागली.

त्या पोरानं लबाडी केली असं मी म्हणत नाही. त्याला जिथे पाणी दिसलं तिथे त्यानं बुच मारलं. चूक माझीही, की मी थेंबाच्या मागं लागलो. कौलारू घरात राहिलेल्या माणसाला हे कळायला पाहिजे होतं. कौल फुटतं एकीकडे, पाणी वाशावरून घरंगळत जातं आणि टपकतं भलतीकडे. आमच्या घरात आई चुलीवर पातेलं ठेवायची आणि वडील माळ्यावर दुसऱ्याच टोकाला कौल परतायचे. केबिन म्हणजे तेच घर, फक्त चाकावरचं.

दिवाळीनंतर कोल्हापुरात एका जुन्या बॉडी मिस्त्रीकडे गाडी नेली. सत्तरीचे असतील. आता हातानं पत्रा मारत नाहीत, खुर्चीवर बसून पोरांकडून काम करून घेतात. मी सिलिकॉनची कहाणी सुरू केली तर त्यांनी हात वर करून थांबवलं आणि एवढंच विचारलं, “पावणं, जाताना गळतंय का येताना?”

हा प्रश्न मला तोवर कुणीच विचारला नव्हता. मी स्वतःलाही विचारला नव्हता. उत्तर पुतण्यानं दिलं. “जाताना गुडघ्यावर, येताना पाठीवर.” म्हणजे घाट उतरताना पुढच्या डाव्या कोपऱ्यात, घाट चढताना मागच्या बाकड्यावर. मिस्त्री म्हणाले, मग झालं, पाणी वर कुठंतरी साठतंय आणि गाडी जिकडं तोंड करंल तिकडं धावतंय. छपरावरच्या टपात बघा.

टपात काय होतं ते लिहायला लाज वाटते. दोराच्या वेटोळ्याखाली आणि जुन्या ताडपत्रीच्या घडीखाली वीस वर्षांचा पालापाचोळा, त्याचं खत झालेलं, त्यात गवत उगवलेलं. टपाला पाणी जायला चार भोकं असतात, ती सगळी बुजलेली. पावसात तिथे तळं व्हायचं आणि ते तळं टपाच्या बोल्टांच्या भोकातून दोन पत्र्यांच्या मधे शिरायचं. तिथून लाकडावरून कधी पुढं, कधी मागं. आम्ही कोपऱ्यात बुच मारत होतो आणि तळं डोक्यावर घेऊन फिरत होतो.

पण मिस्त्री तेवढ्यावर थांबले नाहीत. एक गळती सापडली म्हणजे सगळ्या सापडल्या असं नसतं, हे त्यांचं म्हणणं, आणि ते खरं निघालं. टप उतरवून ठेवला, केबिनमधली सीट, मॅट, आतलं रेक्झिन सगळं काढलं, दोन दिवस उन्हात सुकू दिलं. मग तळावर वर्तमानपत्र अंथरलं. (संपादक महाशय, ते आपलंच होतं की दुसऱ्याचं, आठवत नाही.) कागदाचा उपयोग असा, की त्यावर पहिला थेंब कुठे पडला तो गोल डाग स्पष्ट दिसतो. पत्र्यावर पडलेलं पाणी लगेच पसरतं आणि सगळीकडूनच आल्यासारखं वाटतं. खांबांवर आणि शिवणींवर आतून खडूची पूड फासली. पाणी वाहिलं की पुडीत वाट पडते, गोगलगाय गेल्यासारखी.

आणि मग पाइप. इथे सगळे घाई करतात. वॉशिंग सेंटरवर नेऊन प्रेशरनं पाणी मारतात. त्या प्रेशरनं चांगल्या रबरातूनही पाणी आत जातं आणि काहीच कळत नाही. मिस्त्रींनी साधा नळाचा पाइप घेतला, तोंडाला काही न लावता, आणि खालून सुरुवात केली. आधी पायरीजवळ, मग दाराचा खालचा भाग, मग काचेखालची जाळी, मग काचेचा खालचा काठ, मग बाजू, सगळ्यात शेवटी छप्पर. एकेका जागी घड्याळ लावून दहा मिनिटं. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि कुठलं भोक दोषी ते समजत नाही. आत पुतण्या टॉर्च घेऊन पालथा पडलेला. बाहेरून मिस्त्री विचारणार, “आलं का?” आतून हा म्हणणार, “नाही.” अर्धा दिवस हेच. एकट्या माणसाला हे काम होत नाही, हे मात्र खरं. आणखी एक केलं त्यांनी. गाडी एकदा उतरणीला तोंड करून उभी केली, एकदा चढणीला, आणि तेच सगळं पुन्हा. वाऱ्याचंही असंच असतं. काही गळत्या उभ्या गाडीत दिसतच नाहीत. गाडी पळायला लागली की वारा पाणी काचेच्या रबराखाली ढकलतो. त्यासाठी पाइप समोरून, जरा खालून वर धरावा लागतो.

काचेखालच्या जाळीपाशी पुतण्या ओरडला, “आलं!” ती जाळी हवेसाठी असते, तिच्यामागं एक खण असतो आणि खणाच्या तळाला पाणी जायची नळी. आमच्या मलकापुरात गाडी गुलमोहराखाली लावतो. त्याची ती बारीक पानं जाळीतून सहज आत जातात. नळी गच्च भरलेली. खण भरला की पाणी हवेच्याच वाटेनं डॅशबोर्डात, म्हणजे थेट फ्यूजबॉक्सवर. काम किती? एक तार, एक लोटा पाणी, पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांसाठी मी एक रात्र घाटात उभा होतो.

दुसरी गळती काचेच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात. वीस वर्षांत रबर उन्हानं आकसलेलं, कोपऱ्यावर ताणून उचललेलं. त्याच्यावर सिलिकॉनचे दोन थर. मिस्त्रींनी काच काढायला लावली आणि रबराखालची पत्र्याची कड बघितली तर ती नव्हतीच. बिस्किटासारखी. त्यांनी बोटानं दाबली आणि तुकडा हातात आला. तेव्हा मला सिलिकॉनची गोष्ट कळली. आपल्याकडे दुकानात जी स्वस्त नळी मिळते, जिला लावताना शिरक्यासारखा आंबट वास येतो, ती सुकताना ॲसिड सोडते. उघड्या पत्र्यावर ती लावली तर गंज वाढतो. वर थर दिसतो छान आणि खाली पत्रा सडत असतो. शिवाय तिच्यावर रंग धरत नाही, दुसरं भरणही चिकटत नाही, म्हणून आधी ती ब्लेडनं सगळी खरवडून काढावी लागते. आमच्या पाच नळ्या काढायला एक पोरगा पूर्ण दिवस बसला. गाडीसाठी पीयू (पॉलियुरेथेन) म्हणून सीलंट मिळतं ते वापरा, असं मिस्त्री म्हणाले. महाग आहे, पण हलत्या शिवणीबरोबर ताणतं आणि रंग धरतं.

कड कापून नवा पत्रा वेल्डिंगनं लावला. त्याआधी बॅटरीची वायर काढली आणि जवळचं लाकूड सोडवून घेतलं. तेही एका जागी इतकं कुजलेलं की स्क्रूड्रायव्हर लोण्यात जावा तसा गेला. मग घासणं, प्रायमर, शिवणीत सीलंट, मग रंग. नुसती लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर रंग मारणारे पुष्कळ आहेत. ती लांबी पहिल्या पावसाळ्यात पाणी पिते आणि दुसऱ्यात पापुद्रा होऊन पडते.

काच बसवणं मात्र बघण्यासारखं असतं, म्हणून सांगतो. नव्या रबराला दोन खाचा असतात, एका खाचेत काच आणि दुसरीत पत्र्याची कड. रबर आधी काचेला चढवलं. बाहेरच्या खाचेत सगळीकडून नायलॉनची गुळगुळीत दोरी बसवली. सुतळी चालत नाही, ती मधेच तुटते. दोरीची दोन्ही टोकं खाली मधोमध एकमेकांवरून काढून आत सोडली. रबराला साबणाचं पाणी लावलं आणि दोघांनी काच बाहेरून चौकटीवर टेकवली. आत मिस्त्री स्वतः बसले. त्या दिवशी एवढंच काम त्यांनी आपल्या हातानं केलं. त्यांनी दोरीचं टोक धरून काचेला समांतर, हळू ओढायला सुरुवात केली. बाहेरचा पोरगा दोरी जिथे सुटत होती नेमक्या तिथे तळहातानं काच दाबत, थापटत सरकत होता. दोरी सुटत जाते तसा रबराचा ओठ एकेक बोट पत्र्यावरून आत येतो. मोदकाच्या पारीला कडेनं फिरवत बोटांनी पाकळ्या पाडाव्यात तसं दिसतं ते. कोपऱ्यावर ते थांबले, “दाब”, म्हणाले, आणि फट्‌ आवाज करून ओठ बसला. दहा मिनिटांत काच आत. मग वरून रबर घट्ट करणारी फिलरची पट्टी.

तिसरी गळती आमच्या हौसेची. काचेच्या वर आम्ही छज्जा लावला होता, त्याच्यावर गावदेवाच्या नावाची पाटी, तिला पाच रंगीत दिवे, दोन्ही बाजूंना पितळी मोर. प्रत्येकाला दोन-चार स्क्रू. मिस्त्रींनी स्क्रू मोजले, अठ्ठावीस निघाले. म्हणाले, छपराला अठ्ठावीस भोकं पाडून पावसात फिरताय. देवाची पाटी ठेवली, मोर काढले. ठेवलेल्या प्रत्येक स्क्रूखाली सीलंटचा थेंब आणि रबरी वायसर. पुतण्याला मोरांचं वाईट वाटलं. मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू.

दारांचं थोडक्यात सांगतो. बिजागरीची खिळी झिजली की दार खाली बसतं, आणि मग कितीही नवं बीडिंग, म्हणजे दाराच्या कडेचं रबर, लावा, वरच्या कोपऱ्यात फट राहतेच. दार लावताना मधे पावतीचा कागद धरायचा आणि ओढून बघायचा. सहज निसटला तर तिथे रबर दाबत नाही. आधी बिजागरी, मग बीडिंग. आणि एक विनंती, दाराच्या खालच्या कडेला जी बारीक भोकं असतात ती बुजवू नका. काचेच्या फटीतून दारात पाणी जाणारच, ते बाहेर पडायला ती भोकं आहेत. मी स्वतः एका वर्षी ती एम-सीलनं बंद केली होती. हुशारी केली असं वाटलं होतं. दार पखालीसारखं भरलं आणि खालून सडलं.

खालून येणारं पाणी वेगळंच. क्लच-ब्रेकच्या पेडलांचे रबरी बूट (तळातली भोकं झाकणारी आवरणं), गिअरच्या दांड्याचा बूट, वायरी जातात ती भोकं. चाकानं उडवलेलं पाणी तिथून येतं. आमच्या लाइनवर ते ओळखणं सोपं आहे. वरून येणारं पाणी स्वच्छ असतं किंवा गंजाचं पिवळट. खालून येणारं कोकणच्या मातीचं तांबडं. बोटावर घेऊन चोळायचं, कचकच लागलं की माती. मिऱ्या-नागपूर महामार्गाचं काम सुरू झाल्यापासून तर हे पाणी कमी आणि चिखल जास्त.

सगळं मिळून खर्च आला साडेअकरा हजार आणि गाडी उभी राहिली सहा दिवस. सहा दिवसांचं भाडं त्याहून जास्त बुडालं. म्हणून लोक हे काम करत नाहीत, हे मला मान्य आहे. जून लागला की प्रत्येकजण ताडपत्रीचा तुकडा केबिनवर टाकून दोरीनं बांधतो आणि वाट बघतो. ताडपत्रीखाली पत्रा सुकत नाही, तो आणखी लवकर जातो. पण हप्ता भरायचा असतो तेव्हा हे कोण ऐकतो?

आता आपल्याला लिहिण्याचं खरं कारण. आठ वर्षांवरच्या मालगाडीला दर वर्षी पासिंग, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याची सरकारी तपासणी, असतं. तिथे ब्रेक बघतात, दिवे बघतात, हॉर्न, रिफ्लेक्टरच्या पट्ट्या, वायपर. बघायलाच पाहिजेत. वायपर फिरतो का ते बघतात, पण वायपरच्या फ्यूजवर पाणी पडतं का ते कोणी बघत नाही. माझी गाडी त्या जुलैच्या दोन महिने आधीच पास झालेली होती. साहेबांची त्यात चूक नाही, मे महिन्यातल्या कोरड्या उन्हात दोन्ही वायपर झकास फिरत होते. माझं म्हणणं एवढंच आहे, की पासिंगच्या ठिकाणी पाण्याचा एक नळ आणि पाइप ठेवावा. काचेवर आणि जाळीवर दहा मिनिटं पाणी सोडावं आणि आत फ्यूजबॉक्सला हात लावून बघावा. ओला असेल तर दुरुस्त करून आणा म्हणावं. यंत्र नको, फी नको. निदान कोकणात आणि घाटमाथ्यावर फिरणाऱ्या गाड्यांसाठी तरी. असा नियम झाला की पगारी चालकाला मालकापुढं तोंड उघडता येईल. आज तो “साहेब, केबिन गळते” म्हणाला तर मालक म्हणतो, “छत्री घे.” हे मी ऐकलेलं आहे, आणि एकदा मी स्वतःही माझ्या पगारी चालकाला असंच म्हणालोय.

एसीच्या नियमाबद्दल तक्रार नाही, उलट पोरांना मिळायलाच पाहिजे. पण तो नव्या गाड्यांना आहे. आमच्यासारख्या जुन्या लाकडी केबिनच्या गाड्या अजून पुष्कळ वर्षं रस्त्यावर राहणार, कारण नव्या गाडीचा हप्ता भरण्याएवढं भाडं या लाइनवर मिळत नाही. आणि नव्या गाडीवाल्यांनीही ध्यानात ठेवावं, एसीचं पाणी बाहेर सोडणारी एक नळी असते. ती तुंबली की उन्हाळ्यातसुद्धा पायावर पाणी पडतं. माझ्या मेहुण्याच्या नव्या गाडीत पडलं, आणि तो काचवाल्याकडे धावला होता.

राहिलं ते आपल्या पुरवणीच्या पानाचं. मिरजोळ्याला गाडी खाली झाली, रात्री भर पावसात घाट चढून घरी आलो आणि सकाळी पान उचलून बघितलं. फ्यूजबॉक्सखालची बाजू कोरडी. बाकड्यापुढची कोरडी. क्लचच्या पेडलाखाली मात्र रुपयाएवढे तीन डाग, तांबडे, आणि चोळले तर कचकच लागले. म्हणजे क्लचचा बूट फाटलाय. पुतण्याला दुकानात पाठवलंय, दुपारपर्यंत बसवून होईल, संध्याकाळी पुन्हा साखर भरायची आहे.

आपला,
एक ट्रकचालक-मालक
मलकापूर, ता. शाहूवाडी, जि. कोल्हापूर